सहावं पान

सर्वपित्रीला आमच्याकडे पाच पानं गच्चीवर जातात. ती न्यायचं काम माझं. मोरा बंदरावरच्या जुन्या घरी असताना कौलांवर ठेवली की झालं. द्रोणागिरीच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगावं लागतं, कारण कावळ्यांची घाण त्याच्या डोळ्यांत खुपते. खाली घरात मात्र पंगतीला एक ताट जास्तीचं मांडलं जातं. ते माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचं.

तो एकोणिसाव्या वर्षी पलटणीत गेला. महायुद्धात जपान्यांनी त्याला सिंगापुरात पकडलं आणि बोटीत घालून पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावर नेलं. युद्ध संपल्यावर सरकारी पत्र आलं: बेटावरच्या लढाईत ठार, मृतदेह मिळाला नाही. माझ्या पणजीने त्यातला शेवटचा भागच तेवढा खरा मानला. आमचे पुरुष मासेमारीला जाणारे. समुद्रात गेलेल्याचा देह किनाऱ्याला लागल्याशिवाय त्याचं पान ठेवायचं नाही, हा घरचा रिवाज. मेला म्हणून रडून झाल्यावर आठ दिवसांनी दुसऱ्याच बंदरातून चालत आलेला एक चुलता घराने पाहिला होता. म्हणून याचं ताट जिवंतांच्या पंगतीत.

पणजीनंतर ते ताट आत्या वाढू लागली. आत्या म्हणजे त्याची धाकटी बहीण. खरं तर माझ्या वडिलांची आत्या, पण घरात सगळेच तिला आत्या म्हणतात. लवकर विधवा होऊन माहेरी आली ती इथेच राहिली. आता नव्वदी ओलांडलीय आणि तिला हवं तेवढंच ऐकू येतं.

मला हा प्रकार कधी पटला नाही. तीस वर्षं मी रबाळ्याच्या एका कारखान्यात माल तपासून पास-नापास ठरवलं. अधांतरी ठेवलेली गोष्ट मला सोसत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी युद्धातले बेपत्ता सैनिक शोधणाऱ्या एका परदेशी संस्थेचा मेल आला तेव्हा बरंच वाटलं. त्या बेटावर एका हिंदुस्थानी शिपायाची हाडं सापडली होती. बेपत्तांच्या यादीत आमचा माणूस होता. डीएनए ताडून पाहायला सख्ख्या बहिणीची लाळ हवी होती.

आत्याला समजावण्यात दोन दिवस गेले. जुळलं तर काय, एवढंच तिने विचारलं. तर त्याचं पान ठेवायचं, मी म्हटलं.

"घे," म्हणाली, "पन कागद येईस्तोवर त्याचं ताट उचलायचं नाय."

गालाच्या आतून बोळा फिरवताना तिने माझं मनगट धरलं होतं. दुखत नाही, असं मी सांगितलं. तिने पकड सोडली नाही.

निकाल सर्वपित्रीच्या चार दिवस आधी आला. जुळत नव्हतं. मी तो कुणालाच सांगितला नाही. जुळणारच, असं भावंडांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो, आणि तिला विनाकारण या सगळ्यातून नेल्याची लाजही वाटत होती.

सर्वपित्रीला स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर सहा पानं वाढलेली. वडे, खीर, अळूची भाजी, सगळं सहा ठिकाणी. पंगतीतलं जास्तीचं ताट मांडलेलंच नव्हतं. आत्या सहाव्या पानापाशी स्टुलावर बसली होती. चार दिवस माझं तोंड पाहून तिने कागद आल्याचं ओळखलं होतं, आणि माझं तोंड उतरलंय म्हणजे भाऊ गेला, असा अर्थ लावला होता. कुणाला न विचारता, ऐंशी वर्षांनी तिने त्याला एकटीने मरू दिलं होतं.

मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं की तो आपला नाही, दुसराच कुणीतरी आहे. तिने दोनदा वदवून घेतलं. मग उठली, फडताळातून त्याचं ताट काढलं, पदराने पुसलं आणि पंगतीत नेहमीच्या जागी मांडलं. मी सहावं पान उचलून त्यातले वडे पुन्हा डब्यात घालायला लागलो.

"ते कशाला काढतोस?" ती म्हणाली. "त्याची बी बहीन बसली असंल कुठं तरी, ताट वाढून. तिला कोन सांगनार? ने वर."

लिफ्टमध्ये मला रडू आलं. गच्चीच्या दारात सेक्रेटरी उभा होता. त्याने पानं मोजली आणि या वर्षी एक जास्त कुणाचं, म्हणून विचारलं.

नाव माहीत नाही, मी म्हटलं.