तपासण्याआधीच लिहिलेलं ‘ठीक’

“दिसलं ते लिवा, अण्णा. आन् दिसलं न्हाय ते बी लिवा.”

सोनोग्राफी झाली की मशीन चालवणाऱ्या बाई पेशंटच्या पोटावरचा चिकट जेल जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं स्वतः पुसायच्या आणि फडक्याची घडी करता करता मला हे ऐकवायच्या. मी त्या दवाखान्यात टंकलेखक होतो. “न दिसलेलं लिहायला बसलो तर रिबन पुरायची नाही,” मी म्हणायचो. त्या हसायच्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ऐंशीच्या दशकातलं बेळगाव ते. मशीन शहरात नवं होतं. निपाणीहून, गुंजीहून आलेल्या बायका तांब्याभर पाणी पिऊन, लघवी धरून बाकावर ताटकळायच्या. एखादी सासू आत डोकावून विचारायची, “काय हाय गं?”

“माणूस हाय, मावशी. हातपाय मोजलेत,” म्हणत बाई दार लावून घ्यायच्या.

बाई हातानं टिपण लिहीत, मी ते टाइप करी, डॉक्टर सही करीत. गर्दी वाढली तशी मी एक युक्ती काढली. बहुतेक रिपोर्ट सारखेच, म्हणून सायक्लोस्टाइलवर तक्ताच काढला: डोकं ठीक, हृदय ठीक, पाठीचा कणा ठीक. नाव आणि आठवडे तेवढे भरायचे; काही वेगळं असेल तर ती ओळ खोडायची. डॉक्टर खूश झाले. बाई तक्ता हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

“अण्णा, तपासायच्या आधीच ठीक लिवलंसा व्हय?”

मी हसण्यावारी नेलं.

एकदा निपाणीची एक पहिलटकरीण आली, विड्या वळणारी. बाळ काही केल्या पाठ दाखवीना. बाईंनी तिला कुशीवर वळवलं, अंगणात फिरवून आणलं, पुन्हा बघितलं. शेवटी टिपणाला चिठ्ठी टाचून दिली: ‘पाठीचा कणा दिसला नाही. पंधरा दिवसांनी परत बोलवा.’

मी चिठ्ठी वाचली. खिडकीशी तिचा नवरा घाई करत होता, “सायेब, निपाणीची गाडी सुटंल!” मी नाव घातलं, आठवडे घातले, कागद सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवला. कण्याची ओळ खोडायची राहिली. चिठ्ठी कुठल्या टोपलीत गेली, आठवत नाही.

बाळंतपण घरीच झालं. मुलीच्या पाठीवर गाठ होती. सुईणीच्या हातून ती फुटली. मिरजेला नेईपर्यंत दोन दिवस गेले. आधी कळलं असतं तर बाळंतपण तिथंच केलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. नवरा आमचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आला.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. बाई म्हणाल्या, “मी चिठ्ठी दिलती.”

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

“अण्णा, आठवून बघा की.” आवाजात राग नव्हता. मी खरंच विसरलो असेन, असं त्यांना वाटलं असावं.

आमचं घर शहरात चार पिढ्यांचं, काका वकील. बाईंच्या वडिलांनी निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती उचलून मुलीला शिकवलेलं. डॉक्टरांनी मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढच्या सोमवारपासून बाई आल्या नाहीत. माझा तक्ता मात्र चालूच राहिला.

तीन वर्षांनी, सगळं सांगून टाकायचं ठरवून, मी रजिस्टरातल्या पत्त्यावर निपाणीला गेलो. मुलीची आई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मुलगी शेजारी गोधडीवर बसलेली. पाय ठेवले तसे पडलेले. दवाखान्याचं नाव काढताच आई उठली.

“त्या बाईंनी धाडलं व्हय तुमास्नी? पयल्या वर्सी लई येळा आल्या. दुसऱ्या आपरेशनला मिरजंला बी संगं आलत्या. ‘कागदावर सोपवून गप बसले, तुला तोंडानं सांगायला पायजे हुतं,’ म्हणून रडायच्या. त्यांचं काय चुकलं वो?”

बोलायची वेळ हीच होती. तिनं चहा केला, मी प्यालो.

चिठ्ठी बाईंनी दिली होती. अक्षर त्यांचं होतं आणि मी ती वाचली होती. हे आज लिहितोय. डॉक्टर गेले, दवाखाना बंद पडला, आता मला विचारणारं कुणी उरलं नाही.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा आई दारापर्यंत आली. “दोन वर्सं झाली, बाई आल्या न्हाईत. भेटल्या तर सांगा, पोरगी आता आधाराबिगर बसती.”

बाई कुठं गेल्या, हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“सांगतो,” मी म्हणालो.