चालत आलेल्याला खाट नाही

आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. पायांना धूळ दिसली की म्हणत, "चालत आलात ना? मग चालत परत जा."

तुम्ही म्हणाल, काय बाई आहे! मीही तेच म्हणायचो. पण वसईतल्या त्या दवाखान्यात निराधार म्हाताऱ्यांसाठी खाटा होत्या चार. स्वातंत्र्य आलं, पाचवी खाट काही आली नाही. मी तिथं कंपाउंडर होतो. झोळीत घालून आणलेल्याला खाट आणि चालत आलेल्याला औषधाची बाटली, असा बाईंचा नियम.

पापडीचे एक आजोबा एकदा आमच्याच विहिरीवर पाय धुऊन शेजाऱ्यांच्या खांद्यावरच्या झोळीतून दिमाखात आत आले. बाई म्हणाल्या, "आजोबा, झोळीतून येणाऱ्याचे पाय ओले नसतात." आधी आजोबाच हसले.

मग पाचूबंदरचा म्हातारा कोळी आला. घोट्यापर्यंत धूळ, छाती भात्यासारखी चाललेली. एक खाट रिकामी होती, पण एका लुळ्या म्हातारीला दुपारी आणणार होते. बाईंनी नेहमीचं वाक्य म्हटलं. तो वाद न घालता बाटली घेऊन उठला. वाटेत मिठागराच्या बांधाला टेकून बसला आणि तिथंच गेला. बाटली मांडीवर तशीच भरलेली होती.

त्याचा शेजारी सांगायला आला. "आमी झोली बांधली होती, बाय. तो आयकंना. म्हने, जित्या मानसाला खांद्यावर कोन नेतं?"

बाई खाली बसल्या. "मी पायच बघितले," एवढंच म्हणाल्या. मला त्यांचा फार राग आला होता. त्या क्षणी कीवही आली.

नियम बदलला नाही. बदलून करणार काय, खाटा चारच. पण त्या दिवसापासून परत पाठवलेल्या प्रत्येकाबरोबर बाई फाटकापर्यंत जात आणि तो वळणाआड होईपर्यंत उन्हात उभ्या राहत.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्या स्वतः आल्या. एकट्याच, धापा टाकत. एक खाट रिकामी होती. मी चादर झटकायला धावलो. तेवढ्यात चांदीपहून एका आजीची झोळी आली. बाईंनी आजीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "माझे पाय बघ."

मी बघितले नाहीत. म्हटलं, "बाई, बसा तरी."

"चालत आलेय मी," म्हणाल्या आणि वळल्या.

मी फाटकापर्यंत गेलो. तिथून वळण काही लांब नाही. बाईंना पोचायला फार वेळ लागला. मी उन्हात उभा होतो.