आठ सेकंदांचा बाळू

त्या दिवशी आमच्या घरचं इंटरनेट उत्तम चालू होतं, हे आधी नोंदवून ठेवते.

माझा धाकटा दीर बाळू महागावकडे कापूस पेरतो. ते बोंडअळीचं वर्ष. अर्धा कापूस अळीने नेला होता आणि उरलेल्याला भाव नव्हता. एका वाहिनीवर सकाळी अकराला शेतकऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची चर्चा थेट दाखवणार होते आणि तीत बाळू बोलणार होता. गावात विजेच्या लाइनीचा भरवसा नाही, म्हणून सासूबाई आदल्या दिवशीच एसटीने यवतमाळला आमच्याकडे आल्या. त्यांना बाळूनेच पाठवलं होतं. "माय, वैनीकडे जाय. तिथं सगळं टायमावर चालते."

एवढं ऐकल्यावर मी यादी करणार नाही, असं कसं होईल? (माझ्या लग्नात मुहूर्ताच्या वेळीही एक यादी माझ्या कमरेला खोचलेली होती.)

पावणेअकराला टीव्ही लावला. (आमच्याकडे वाहिन्याही इंटरनेटवरूनच येतात.) चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. आठ सेकंदांनी निवेदिका तोंड उघडून जी थांबली, ती थांबलीच. दुसरी वाहिनी लावून परत आलं की पुन्हा आठ सेकंद आणि पुन्हा उघडं तोंड. गंमत म्हणजे सिनेमे चालत होते, कालच्या मालिका चालत होत्या. जे थेट, तेवढंच गोठत होतं.

आता एक कबुली. कंपनीच्या राउटरचं नेट मागच्या खोलीत पोचत नव्हतं, म्हणून आठवड्यापूर्वी मी बाजारातून चार कानांचा दुसरा राउटर आणून लावला होता. जोडणी करणारा बजावून गेला होता, "म्याडम, आमचा काढू नका." मी काढला. पुसला, पिशवीत घातला, पिशवीवर नावाची चिठ्ठी लावली आणि माळ्यावर ठेवला. आठवडाभर आम्ही नुसत्या मालिका पाहिल्या, त्यामुळे काही कळलंही नाही.

मी कागद घेतला आणि बारा उपाय लिहून काढले. एक, वायरी दाबून पाहणे. दोन, टीव्हीचा डबा घड्याळ लावून एक मिनिट बंद ठेवणे. असं करत करत अकरा, जुना राउटर लावणे.

"जुना राउटर लावून पाय ना," हे म्हणाले.

"तो अकराव्या नंबरवर आहे."

"मंग अकरावा आधी कर."

"यादी वरून खाली करायची असते."

यावर ह्यांनी छताकडे पाहिलं. पंचवीस वर्षं झाली, छताने अजून ह्यांना उत्तर दिलेलं नाही.

तिसरा उपाय कंपनीला फोन. पलीकडचा मुलगा फार सभ्य होता.

"म्याडम, राउटर कंपनीचाच आहे ना?"

"राउटर नवा कोरा आहे."

"कंपनीचा आहे का पण?"

"तुम्ही पुढचं विचारा."

अकरा वाजले. पडद्यावर बाळू! इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. "नमस्कार, मी," म्हणाला आणि थांबला.

"काहून थांबला तो? घाबरला काय?" सासूबाईंनी विचारलं.

"तो नाही थांबला, आई. आपला टीव्ही थांबला."

ह्यांनी वाहिनी बदलून परत आणली. "...खरेदी केंद्रावर आम्ही तीन..." इथे बाळू एक बोट वर करून, डोळे अर्धे मिटून गोठला.

"झोपून राह्यला पाय. पोट्टं जेवलं नाही वाटते."

मी चौथा उपाय केला, पाचवा केला. तेवढ्यात कुंपणापलीकडून गावंडेकाकूंची हाक आली. (गावंडेंच्या गच्चीवर टीव्हीची जुनी, एका अंगाला कललेली छत्री आहे. तिच्यावर काकू पायपुसणी वाळत घालतात.)

"आईजी, तुमचा बाळू टीव्हीवर बोलून राह्यला, आन् तुम्ही घरात काय करता?"

सासूबाई उठल्या.

"आई, दोनच मिनिटं. मी सातव्या नंबरवर आहे."

"तू ये आठ-नऊ करून," म्हणत त्यांनी चपला घातल्या. "आईले रस्ता ओलांडून देतो," म्हणून हेही गेले. आमच्या आणि गावंडेंच्या घरांत रस्ता नाही. एक तुळस आहे आणि एक फाटक. हे परत आले नाहीत.

मी मात्र यादी सोडली नाही. आठ, नऊ, दहा. मग स्टूल, माळा, चिठ्ठी लावलेली पिशवी. जुना राउटर जोडला. दिवे लुकलुकले, हिरवे झाले. आठ सेकंद गेले, वीस गेले, चित्र चालूच! फोनवरचा मुलगा अजून होता.

"लाइव्ह टीव्ही वेगळ्या वाटेनं येते, म्याडम. बाहेरच्या राउटरमंधी तिची सेटिंग बंद राह्यते. चालू करा लागते, नाहीतर आमचाच लावा लागते."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी विचारलं होतं, म्याडम."

पडद्यावर निवेदिका सगळ्यांचे आभार मानत होती. मग कुकरची जाहिरात लागली. ती जराही न अडखळता चालली आणि मी पूर्ण पाहिली.

सासूबाई पदराने डोळे पुसत आल्या, मागोमाग हेही. "काय बोलला माह्यं लेकरू! त्या साहेबाले म्हणे, एक दिवस कापूस वेचाले या, मंग भाव सांगा. साहेब खालीच पाहे. गावंडेबाई रडल्या ना!"

"आई, आपला टीव्ही सुरू झाला."

त्यांनी पडद्यावर पुन्हा लागलेल्या कुकरकडे पाहिलं. "ह्याले पाहू काय आता?"

तेवढ्यात फोन वाजला. बाळू.

"वैनी, पयला फोन तुम्हालेच लावला. माय तर तारीफच करन, दादा हो म्हणन. तुम्ही नीट पाह्यता आन् खरं सांगता. कसा बोललो मी?"

"छान बोललात, बाळूभाऊ."

"तसं नाही. कोणतं वाक्य पटलं, ते सांगा."

सासूबाई, हे आणि फाटकापर्यंत आलेल्या गावंडेकाकू, तिघंही माझ्याकडे पाहत होते. मी घसा साफ केला.

"नमस्कार," मी म्हणाले. "नमस्कार फार स्पष्ट म्हणालात तुम्ही."