चपला काढून पाहिलेल्या वेबसाइट्स

पहिलीच्या मुलांसाठी पाच चांगल्या वेबसाइट्स निवडा, असं मोठ्या बाईंनी मला सांगितलं तेव्हा वेबसाइट म्हणजे नेमकं काय, हे मला धड ठाऊक नव्हतं. तरी मी "हो, त्यात काय!" म्हणून मोकळी झाले. माझा स्वभावच तसा आहे. आधी हो म्हणायचं आणि मग घरी जाऊन कपाळाला हात लावायचा.

नवं शतक लागून दोनेक वर्षं झाली असतील. पंचवटीतल्या आमच्या छोट्या मराठी शाळेला एका माजी विद्यार्थ्याने कॉम्प्युटर भेट दिला होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तो आपल्या ऑफिसात ठेवून घेतला, त्याला झालर लावलेलं कव्हर शिवलं आणि दाराबाहेर 'चपला येथे काढाव्यात' अशी पाटी लावली. धूळ लागली तर तो आजारी पडतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही शिक्षक अनवाणी आत जायचो, कव्हरकडे बघायचो आणि हजेरीपटावर सही करून बाहेर यायचो.

मोठ्या बाईंना इंटरनेटची धास्ती होती. "त्यात काय वाट्टेल ते दिसतं म्हणे. पोरं बिघडली तर पालक मला धरतील." म्हणून त्यांनी अट घातली. महिनाभर दर शनिवारी एक तास पहिलीच्या मुलांना दाखवायचं, मग पालकसभा घ्यायची. पालकांनी नको म्हटलं तर कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत क्लार्कच्या टेबलावर जाणार, पत्रं टाइप करायला. मला सुरुवातीला त्याचं फारसं काही वाटलं नाही. आठवड्याभरात मात्र मी त्या तासासाठी मोठ्या बाईंशीसुद्धा भांडले असते.

त्याचं असं झालं की निवड करायला मी शाळा सुटल्यावर मालेगाव स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत जायला लागले. वीतभर खोपटी, प्रत्येकाला पडदा, आत कॉलेजची पोरं. त्यांच्यात मी, सुती साडी नेसलेली, वय वर्षं छत्तीस, पिशवीत पालकाची जुडी. पहिल्याच दिवशी एका माकडावर बाण नेऊन टिचकी मारली तर त्याने केळं सोलून साल माझ्याच दिशेने फेकली. मी इतक्या मोठ्याने हसले की मालकांनी पडदा सारून घाबऱ्या आवाजात विचारलं, "मॅडम, काय बघताय?"

"माकड," मी म्हटलं. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि त्यांनीही दोनदा साल फेकून घेतली.

मग मी भराभर नियम केले. ज्या पानावर कुणी मरतं, ते बाद. जे घरचा पत्ता विचारतं, ते बाद. इंग्रजी कळल्याशिवाय जिथे गंमत येत नाही, तेही बाद. पान उघडेपर्यंत मुलांनी एकमेकांना चिमटे काढायला सुरुवात करता कामा नये. आणि शेवटचा नियम मी कुणाला सांगितला नाही, तो म्हणजे मला स्वतःला खुदकन हसू यायला हवं. एका पानाने तर माझीच पंचाईत केली. आत जाण्याआधी आईवडिलांची परवानगी घ्या, असं त्यावर लिहिलं होतं. आता सूचना आहे म्हटल्यावर ती पाळायला नको? मी शेजारच्या बूथवरून माहेरी, वणीला फोन लावला.

"अण्णा, एक वेबसाइट उघडू का? लहान मुलांची आहे."

वडील म्हणाले, "उघड की. पण सासूबाईंनाही विचारलंस का?"

विचारलं. त्यांनी परवानगी दिली, तीही पालक निवडता निवडता.

शेवटी पाच जमल्या. त्यातली हत्तीची सगळ्यांत लाडकी. शेतात हत्ती, बदक, बेडूक आणि गाढव उभे. ज्याच्यावर टिचकी माराल तो ओरडायचा. हत्ती तर सोंडेने पाणीही उडवायचा. अडचण एवढीच होती की मुलं बेचाळीस, कॉम्प्युटर एक आणि फोनची लाइन मुंगीच्या पावलाने चालणारी. म्हणून मी शुक्रवारी ते अख्खं पान फळ्यावर रंगीत खडूने काढायचे. मुलं ओळीने येऊन बोटाने टिचकी मारायची. हत्तीवर बोट पडलं की वर्ग हत्तीसारखा ओरडायचा, बेडकावर पडलं की बेडकासारखा. शनिवारी चपलांची रांग लावून आम्ही ऑफिसात जायचो, तेव्हा मुलांना सगळं तोंडपाठ असायचं. फोन जोडताना येणारा तो किर्र, टुंग, खर्रर्र आवाजसुद्धा त्यांनी उचलला होता. पान वरून खाली हळूहळू उघडायचं. आधी आभाळ, मग हत्तीचे कान, मग सोंड. प्रत्येक इंचाला टाळ्या पडायच्या. बारा वर्षं शिकवत होते मी, पण शनिवारची इतकी वाट मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर मुलांइतकाच तो तास मला हवा होता.

पालकसभेच्या दिवशी ऑफिस भरून व्हरांडाही भरला. भाजीबाजारातून थेट आलेल्या बायका, रिक्षावाले, एक-दोन भटजी, सगळे चपला काढून अदबीने उभे, पुढे मुलं ओळीने बसलेली. मी कव्हर काढलं आणि लाइन जोडली. किर्र, टुंग, खर्रर्र, आणि तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा आभाळाची एक पट्टी आली नि तिथेच अडकली. मागून कुणीतरी म्हणालं, "एवढ्यासाठी बोलावलं व्हय?" झालं, गेला आपला शनिवार, असं वाटून मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात पहिल्या ओळीतली सगळ्यांत बुटकी मुलगी उठली आणि तिने तोंडाने किर्र, टुंग, खर्रर्र सुरू केलं. लाइन जुळत नाही म्हणून ती आपली मदत करत होती. दुसरी मुलगी धावत पुढे आली आणि हात पसरून आभाळ झाली. मग काय! वर्गातला सगळ्यांत जाडा मुलगा हत्ती होऊन उभा राहिला, खाली चार बेडूक बसले, गाढव व्हायला तर तिघांत भांडण लागलं. "टिचकी मारा ना!" मुलं पालकांवर ओरडायला लागली.

आधी कुणी हलेना. मग त्या बुटकीची आजी पुढे झाली. ती सायखेड्याहून भाजी घेऊन बाजारात यायची. तिने पदर खोचला आणि हत्तीच्या पोटात बोट खुपसलं. हत्ती असा काही चीत्कारला, आणि बाटलीतलं पाणी तोंडात भरून त्याने ते असं उडवलं, की पुढचे दोन भटजी न्हाऊन निघाले. मग सगळेच तुटून पडले. रिक्षावाले बेडकांना टिचक्या मारायला लागले. मी हसता हसता खुर्चीवरून घसरले.

इतक्यात शेजारच्या क्लार्कच्या खोलीतून मोठ्या बाई तणतणत आल्या. "मघापासून पालकांसाठी चहा सांगतेय, तर फोनमध्ये नुसती किरकिर! आणि हा काय गोंधळ?"

लाइन कोण तोडत होतं ते मला तेव्हा कळलं. शाळेत फोन एकच होता, त्याचं दुसरं टोक त्या खोलीत होतं, आणि तिथे रिसीव्हर उचलला की इंटरनेट तुटायचं. मोठ्या बाईंनी बेडकांकडे, मग भिजलेल्या भटजींकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, मुलांना हे असंच येतंय, मग कॉम्प्युटर हवा कशाला?"

माझं हसू जागच्या जागी थिजलं. त्या कव्हर उचलायला वाकल्याही.

"थांबा वो बाई," आजी म्हणाली. "ह्यो आमचा हत्ती झाला. त्या डब्यातला दावा की. लय ऐकलंय त्याचं."

मी पुन्हा लाइन जोडली. या वेळी फोनला कुणी हात लावला नाही. आभाळ आलं, कान आले, सोंड आली. सगळे श्वास रोखून उभे. आजीने माझ्या हाताखाली हात धरून टिचकी मारली. हत्तीने "पूं" असा बारीकसा आवाज केला आणि पाण्याचे तीन निळे थेंब उडवले.

आजीने पडद्याकडे बघितलं, मग मोठ्या बाईंकडे.

"एवढंच? ह्याला भेता व्हय तुमी? ह्याच्यानं काय पोरं बिघडायची नाय. ह्यालाच शिकवतील पोरं."

सगळे खो खो हसले. मोठ्या बाईंनी हातातलं कव्हर घडी घालून कपाटात ठेवलं. "शनिवारचा तास चालू ठेवा," त्या मला म्हणाल्या. मग जरा पुढे सरकून, कुणाकडे न बघता त्यांनी विचारलं, "ते गाढव कसं ओरडतं?"