विहिणीच्या पंगतीची वही

माझं डोकं म्हणजे गळकं मडकं. हे मी नाही म्हणत, माझी आई म्हणते, आणि चारचौघांत म्हणते. शहाद्याच्या एका शाळेच्या ऑफिसात मी वीस वर्षं फायली सांभाळल्या, एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पण स्वतःचं काही लिहायचं तर एसटीच्या तिकिटामागे, नाहीतर तळहातावर. भांडी घासली की गेलं धुऊन.

तर भाचीचं, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पंचाईत झाली. आमच्याकडे विहिणीच्या पंगतीत नवरीकडच्या बायका गाणी म्हणतात. विहीण ताटावर बसली की गाण्यातून तिची यथेच्छ फिरकी घ्यायची. तिनं हसत ऐकायचं, आणि धमक असेल तर उलट उत्तर द्यायचं. ही गाणी म्हणावीत माझ्या आईनंच. तिला माईक लागायचा नाही. पण तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि ती मांडवातून मागे सरली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नव्हतं. "मांडवमा आते मन्हं काय काम?" एवढंच म्हणाली. तेव्हापासून एकाही लग्नात तिनं तोंड उघडलं नाही. मला याचा फार राग यायचा. विधवेनं मागे बसावं हे तिच्या डोक्यात भरवणाऱ्यांचा यायचा, आणि मुकाट मागे बसणाऱ्या तिचाही यायचा.

"आई, नातीच्या लग्नात तरी म्हण गं," मी किती विनवलं!

"तू म्हन. मी सांगसू, तू लिखी ले."

झालं! गळक्या मडक्यात विहीर ओतायची होती. भाचीनं माझी दया येऊन मोबाईलवर वहीचं ॲप टाकून दिलं. "आत्या, यात विभाग पाड, रंग दे, खुणा कर. नुसता एक शब्द टाकलास तरी गाणं समोर हजर." अगंबाई, मला तर खेळणंच मिळालं! हळदीला पिवळा रंग, मांडवाला हिरवा, विहिणीला लालभडक. प्रत्येक गाण्याला खूण: 'चिमटा', 'मोठा चिमटा', 'विहीण रुसेल'. आईनं सांगितलेल्या गाण्यांचा वेगळा विभाग केला, 'आईची जुनी गाणी'. वडील गेल्यापासून ती फिक्याच साड्या नेसते, म्हणून त्याला राखाडी रंग दिला. शाळेत जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला राहायचा आणि मी रंग बदलत बसायचे.

आई मिरच्यांची देठं खुडत गाणी सांगायची. नुसते शब्द, बाजारची यादी सांगावी तसे. चाल विचारली की म्हणायची, "चाल तुले म्हाईत शे." मला कुठली माहीत! राखाडी पानांवर पानं भरत गेली आणि आईचा आवाज काही त्यात येईना.

होणारी विहीण नवापूरकडची. तिच्या कोंबड्यांच्या तीन शेड, सगळा कारभार स्वतः बघणारी बाई. मला चेव आला आणि मी एक स्वतःचं गाणं रचलं:

"इहीनबाई उनी, कोंबड्या सोडी उनी,
मांडवना दाना येची येची खाई गई."

कोंबड्या सोडून आली आणि मांडवातले दाणे वेचून वेचून खाऊन गेली! 'विहीण रुसेल' ही खूण केली आणि मोठ्या ऐटीत वहीची लिंक आमच्या बायकांच्या ग्रुपवर पाठवली.

बायकांच्या ग्रुपवर नाही. दोन्हीकडच्या मंडळींच्या ग्रुपवर.

कळलं तेव्हा अर्धा तास उलटला होता. लिंक काढली, पण वही कोणी उघडली ते त्या मेल्या ॲपमध्ये दिसतं. पहिलं नाव विहिणीचं! माझ्या तोंडचं पाणी पळालं. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "वा! लग्न मोडायचाबी एक विभाग काढी ले." आईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. विहिणीकडून मात्र चार दिवस चकार शब्द नाही. मी जाता-येता देवापुढे हात जोडत होते.

लग्न लागलं. दुपारी विहिणीची पंगत बसली, भोवती रांगोळी, समईसुद्धा. आई पार मागे, पाण्याच्या पिंपाजवळ, भिंतीला टेकून. मी मोबाईल घेऊन उभी राहिले. कोंबड्यांचं गाणं वगळायचं असं ठरवलं होतं, पण भीतीनं तोंडातून नेमकं तेच बाहेर पडलं! विहिणीनं जिलेबी खाली ठेवली, हात पुसला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं:

"कोंबडी मन्ही शे, अंडं देस रोज,
आत्यानं गाणं शे, मोबाईलमा खोज!"

माझी कोंबडी रोज अंडं देते, आत्याचं गाणं मात्र मोबाईलमध्ये शोधावं लागतं! हास्याचा नुसता स्फोट. बाई चार दिवस उत्तर रचत होती! आता आमची बाजू. मी वहीत शब्द टाकायला लागले, पण बोटं हळदीनं आणि घामानं चिकट, स्क्रीन माझं बोटच ओळखेना. नवऱ्याकडच्या बायका टाळ्या पिटायला लागल्या. "हारल्या, हारल्या!"

तेवढ्यात मागून, पिंपाजवळून आवाज आला.

"मोबाईल उना काल, गाणं पोटमा शे,
इहीनबाई बठ, आते मन्ही बारी शे!"

आईचा आवाज! तीच चाल, तोच शेवटी वर चढणारा हेल. तिला स्वतःलाही कळलं नसावं, कारण म्हणून झाल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. मी रडले, लाज कशाला धरू? आणि विहीण ताटावरून उठली. भरल्या पंगतीतून उठू नये म्हणतात, ती उठली. आईचा हात धरून तिला पुढे घेऊन आली आणि स्वतःच्या शेजारी पाटावर बसवलं.

"वही वाची तव्हाच समजनं," ती मला म्हणाली, "गानारी दुसरीच शे."

मग दोघींची जी जुंपली! आई एक म्हणायची, विहीण त्यावर दुसरं. जिलेब्या गार झाल्या. मी मोबाईल भाचीच्या हातात दिला आणि नुसती ऐकत बसले.

दुसऱ्या दिवशी आठवतील ती उत्तरं मी वहीत उतरवत होते. आई शेजारी मिरच्या घेऊन बसली होती.

"कोठे लिखी ऱ्हायनी?"

"तुझ्या जुन्या गाण्यांत."

"जुनं कशानं? कालच ते म्हनं मी. नवं पान काढ. अजून दोन नातींनं लगीन बाकी शे."

मी नवं पान काढलं. ॲपनं नेहमीप्रमाणे रंग विचारला. सगळे रंग आईसमोर धरले आणि म्हटलं, तूच सांग. तिनं चष्मा पुसला, एकेक रंग नीट पाहिला.

"लाल," ती म्हणाली.