गिऱ्हाईकाला न म्हणायचा शब्द

फरीदाबादेत माझा स्कूटरचे रबरी बुश बनवायचा छोटा कारखाना होता. माल घेणारी कंपनी एकच, नुकतीच परदेशी भागीदारी झालेली. त्या भागीदारीतून आलेल्या स्कॉटिश इंजिनियरने माझा एक बुश मापला, केसभराचा फरक काढला आणि माझ्या सहा कामगारांसमोर मला ‘नम्प्टी’ म्हणून हसला. कामगारांना इंग्रजी येत नव्हतं. तरी तेही हसले.

कंपनीचा पर्चेस मॅनेजर त्याच्यासोबत आला होता. त्याला मी फाटकात गाठलं.

“अरे छोड़ो यार, गाली थोड़े ही है. प्यार से बोलते हैं.”

“तो अपने एमडी को प्यार से बोल के दिखाइए.”

तो गाडीत जाऊन बसला.

घरच्या डिक्शनरीत शब्द सापडला नाही. मुलगी कॉलेजातल्या बाईंना विचारून आली. “बाबा, नम्प्टी म्हणजे बावळट. पण बिल्कुल माइल्ड आहे. कोणाला राग नाही येत.”

“मला आलाय.”

“तुम्हाला काय, रिक्षावाल्याने भाईसाब म्हटलं तरी येतो.”

धड शिवी दिली असती तर मी परत दिली असती, मग चहा झाला असता आणि विषय मिटला असता. या सौम्य शब्दाला उत्तर काय द्यायचं? मला माफी हवी होती, त्याच सहा जणांसमोर.

पुढच्या भेटीत मी इंजिनियरला विचारलं, हा शब्द तुम्ही कोणाला म्हणता? मी भाषा शिकतोय असं वाटून तो खूश झाला. मेहुण्याला, म्हणाला. सहकाऱ्याला. किल्ली गाडीत विसरलो की स्वतःला.

“आणि कोणाला नाही?”

“गिऱ्हाईकाला. कधीच नाही.”

मी कपाटातून बिलं काढली. बुशांचं रबर मला त्यांच्याच गोदामातून, त्यांच्याच दराने विकत घ्यावं लागे. “मग मी कोण?”

त्याने बिलं नीट वाचली. मग कामगारांकडे तोंड करून मला सॉरी म्हणाला. माणूस नियमाला पक्का.

सोबत आलेल्या पर्चेस मॅनेजरने ती बिलं उचलून पुन्हा चाळली. महिन्याभरात त्याचं पत्र आलं. यापुढे रबर कंपनी पाठवेल, विकणार नाही. मी फक्त मजुरीवर बुश करून द्यायचे. मजुरीसाठी मी तीन आठवडे भांडलो आणि हवी तेवढी घेतली. पण इंजिनियर पुढच्या खेपेला आला, तेव्हा मला काहीही म्हणायची त्याला मोकळीक होती. ती त्याने वापरली.