सुनेच्या मिरचीचा फोटो कोणी चोरला

मी, शिवदास नथ्थू पाटील, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, पूर्ण शुद्धीत असताना जो पराक्रम केला तो आज आपल्यापुढे ठेवतो. चहा घेत ऐका. हसू आले तर आवरू नका, घरच्यांनीही आवरले नव्हते.

माझी सून मनीषा घरची मिरची दळून ऑनलाइन विकते. वाळत घातलेल्या लालभडक ढिगाचा तिने काढलेला फोटो पाहूनच निम्मी गिऱ्हाइके येतात. एके दिवशी सुरतेच्या एका खाणावळीने कळवले, ‘हाच फोटो प्रकाशा गावच्या इंदुबाईही आपल्या मिरचीच्या जाहिरातीत टाकतात. खरा माल कोणाचा? उलगडा होईपर्यंत आमची मागणी थांबवा.’ वर्षभराची मागणी होती ती!

इंदुबाई म्हणजे आमच्या नात्यातल्याच! सून रडवेली झाली. मी मात्र ताठ उभा राहिलो. शाळा चौथीत सुटली असली, तरी कॉपीराइटचा कायदा मी मराठीतून वाचला आहे. एकदा नव्हे, दोनदा!

“आप्पा, पहिले फोन करी दखा ना,” सून म्हणाली.

“चोराला फोन करायचा नसतो. नोटीस द्यायची असते.”

चार पाने नोटीस स्वहस्ते लिहिली. इस्त्रीची टोपी घातली, एस.टी. धरली आणि प्रकाशाला इंदुबाईंच्या अंगणात जाऊन, त्यांचे यजमान व शेजारीपाजारी यांच्यासमक्ष, उभ्याने वाचू लागलो. तिसऱ्या पानावर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“आप्पा, पानी पी ल्या. फोटो मन्हा नही, हाई खरं शे. पन माले कोनी धाडा, ते इचारा ना!”

“कोणी?”

त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. आमच्या नातलगांचा ग्रुप. मिरचीच्या ढिगावर उगवता सूर्य, त्याखाली सोनेरी अक्षरांत ‘शुभ प्रभात’, आणि पाठवणारा कोण? शिवदास नथ्थू पाटील!

“माले वाटनं, आप्पानी ग्रुपवर सगळासले वाटी दिधा, म्हंजे सगळासना शे. तुम्हना सूर्य पुसाले माले दोन घंटा लागनात!”

“पण फोटोवर माझ्या सुनेचे नाव होते!”

“कोठे शे? दखाडा.”

नव्हते. कसे असेल? कोपऱ्यातील ते नाव मला अशोभनीय वाटले होते, म्हणून तेवढा कोपरा मीच व्यवस्थित कापून टाकला होता.

इंदुबाईंचे यजमान आदराने म्हणाले, “मंग आप्पा, चौथं पान वाचा ना. चोर माणूसले काय सजा शे?”

काय सांगू! चौथ्या पानावर कारावास लिहिला होता.

इंदुबाईंनी तेथल्या तेथे आपल्या जाहिरातीतून तो फोटो काढून टाकला, सुरतेला फोन करून खरे ते सांगितले, आणि मनीषाची मागणी टिकली. त्या दिवसापासून मनीषा आपले नाव फोटोच्या मधोमध, थेट ढिगावर घालते. मी ‘शुभ प्रभात’ नुसत्या अक्षरांत पाठवतो. नवा फोटो साऱ्या गिऱ्हाइकांना आधी दिसतो. मला तो सर्वांत शेवटी दाखवला जातो, तोही तिच्याच मोबाइलवर, तिच्याच हातात.